आत्यांची खुर्ची कुठे गेली?

मुलांनो, दर आठवड्याला मी तुम्हांला काही ना काही शिकवायला बघते. आज मात्र मी माझी एक चूक सांगणार आहे. बाईंचीसुद्धा चूक होते बरं का! आणि ती चूक माझ्या ध्यानात आणून दिली चौथीतल्या चार मुलांनी. तुमच्या घरापुढे पडवी असेल, ओटा असेल, किंवा 'यंदा अंगणात शेड मारू या' असं आईबाबांचं चाललं असेल, तर हा लेख त्यांनाही वाचायला द्या.

सोलापूर जिल्ह्यातल्या एका गावात आमचं घर आहे. घराचं तोंड पश्चिमेला. पुढे बारा फूट लांब आणि दहा फूट खोल असा ओटा. माझ्या सासूबाईंचा, म्हणजे आत्यांचा, सगळा दिवस त्या ओट्यावर जायचा. ज्वारी निवडायची, वाती वळायच्या, येणाऱ्याजाणाऱ्याला हाक मारायची. "काय गं, कुठं निघालीस? पोरगं बरं आहे का?" रस्त्यावरच्या प्रत्येकाची चौकशी तिथून व्हायची. गुडघे दुखतात, नजर अधू झालेली, त्यामुळे आत्या कुठे जात नाहीत. सगळं गाव त्यांच्याकडे येतं!

पण ओट्यावर छप्पर नव्हतं. मी दोन वर्षं थोडे थोडे पैसे साठवले आणि दोन वर्षांपूर्वी फेब्रुवारीत ओट्यावर पत्रा टाकला. लोखंडी पाइपांचा सांगाडा, वर निळे चकचकीत पत्रे. दोन दिवसांत काम झालं. शेजारच्या काकू म्हणाल्या, "झकास दिसतंय हो!" मलाही ते झकासच वाटलं. खरं सांगू? पत्रा का निवडला, तर गल्लीत सगळ्यांनी पत्राच टाकला होता. मी दुसरं काही विचारलंच नाही.

मार्च सरला. उन्हाळ्याची सकाळची शाळा सुरू झाली. एके दिवशी दुपारी मी घरी आले, तर ओटा रिकामा! आत्यांची खुर्चीही नाही. घरात बघितलं, परसात बघितलं. आत्या कुठेच नाहीत. मग दिसल्या. रस्त्यापलीकडे समोरच्यांच्या अंगणात कडुलिंबाखाली खुर्ची टाकून बसल्या होत्या.

"आत्या, एवढा रस्ता ओलांडून कशाला आलात?" मी विचारलं.

"अगं, तिथं डोकं शेकतंय," आत्या म्हणाल्या. "तू एवढे पैसे घातलेस, म्हणून बोलले नाही."

पंधरा दिवस झाले, त्या रोज दुपारी काठी टेकत जात होत्या. एका पोराला खुर्ची उचलायला सांगायच्या आणि त्याच्यामागून रस्ता ओलांडायच्या. त्याच आठवड्यात एका ट्रॅक्टरवाल्यानं त्यांना पाहून करकचून ब्रेक दाबला. थोडक्यात निभावलं. माझ्या छातीत धस्स झालं. ज्यांच्यासाठी छप्पर केलं, त्यांनाच त्या छपरानं घराबाहेर काढलं होतं!

मी वर्गात हे सांगितलं. आमच्याच गल्लीतली चार मुलं म्हणाली, "बाई, आपण शोधून काढू या ना, काय चुकलं ते!" तीन मुलगे आणि माझी लेक, अशी आमची समिती झाली.

पहिला प्रयोग अगदी साधा होता. शाळेच्या विज्ञानपेटीतला तापमापक घेतला. (घरातला तापाचा तापमापक यासाठी वापरू नका हं. तो अंगाच्या तापापुरताच असतो.) दुपारी तीन वाजता पत्र्याखाली बसल्यावर डोकं येईल एवढ्या उंचीवर तो टांगला. मग तेवढ्याच उंचीवर कडुलिंबाखाली टांगला. मुलांनी आधीच अंदाज बांधले होते. कुणी म्हणालं दहा अंशांचा फरक येईल, कुणी म्हणालं पंधरा.

फरक आला जेमतेम तीन अंशांचा!

आता आली का पंचाईत? हवा जर तीनच अंशांनी जास्त गरम, तर डोकं इतकं का शेकतं?

उत्तर तुमच्या पुस्तकातच आहे. उष्णता तीन मार्गांनी जाते : वहन, अभिसरण आणि प्रारण. थंडीतली शेकोटी आठवा. समोर बसलं की तोंड भाजतं आणि पाठ गारच राहते. हवा तर पुढेमागे सारखीच असते. तोंडाला लागते ती शेकोटीकडून सरळ येणारी उष्णता. तेच प्रारण. उन्हात तापलेला पत्रा म्हणजे डोक्यावर उलटी टांगलेली शेकोटी! पत्रा असतो जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड. वरून तापला की लगेच खालूनही तापतो, आणि खाली बसलेल्याच्या टाळूवर उष्णता फेकत राहतो. तापमापक हवेची गोष्ट सांगतो, टाळूची नाही.

आणि कडुलिंब? त्याची पानंही उन्हातच असतात. पण पानांतून सतत पाण्याची वाफ बाहेर पडते, त्यामुळे पानं पत्र्यासारखी तापत नाहीत. शिवाय एका पानाखाली दुसरं पान, त्याखाली तिसरं, आणि मधून वारा. म्हणून झाडाखालची सावली 'गार' आणि पत्र्याखालची सावली 'शेकणारी'. सावली सावलीत फरक असतो, मुलांनो!

मग मी म्हटलं, "पत्रा वाईट. काढून टाकू या." पण समितीतल्या एका मुलाचे वडील गवंडीकाम करतात. तो म्हणाला, "बाई, पत्रा वाईट असता तर सगळ्या जगानं वापरला असता का?" मला उत्तर देता आलं नाही. म्हणून आम्ही छपरांची माहिती काढायला बसलो. ती तुम्हांलाही सांगते.

पन्हळीचा पत्रा, म्हणजे लाटालाटांचा पत्रा, निघाला इंग्लंडमध्ये. हेन्री रॉबिन्सन पामर नावाच्या अभियंत्यानं १८२९ साली त्याचं पेटंट घेतलं. एक कागद घ्या आणि दोन पुस्तकांवर पुलासारखा ठेवा. मधोमध वाकतो ना? आता त्याच कागदाच्या पंख्यासारख्या घड्या घाला आणि पुन्हा ठेवा. वर पेन्सिल ठेवली तरी तो टिकतो! पन्हळीची गंमत हीच. पत्रा पातळ राहतो, पण ताठ होतो. पुढे १८३७ मध्ये फ्रान्समध्ये स्तानिस्लास सोरेल यांनी लोखंडाला गंजू नये म्हणून जस्ताचा लेप देण्याच्या रीतीचं पेटंट घेतलं. हलका, ताठ, न गंजणारा पत्रा मग गलबतांतून जगभर गेला.

हलकेपणाची किंमत आमच्या भागातल्या लोकांना विचारा. सोलापूर-मराठवाड्यात पूर्वी घरांना माळवद असे. लाकडी तुळया, त्यांवर फळ्या किंवा काटक्या, आणि वर पांढऱ्या मातीचा जाड थर. माळवदाखाली मे महिन्यातही गारवा असायचा, कारण एवढ्या जाड मातीतून ऊन खाली पोचेपर्यंत संध्याकाळ होई. पण ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात भूकंप झाला. दगडमातीच्या जाड भिंती आणि वरची जड माळवदं झोपलेल्या माणसांवर कोसळली. हजारो माणसं गेली. त्यानंतर कित्येक कुटुंबं पत्र्याच्या तात्पुरत्या निवाऱ्यांत राहिली. तिथे ऊन लागे, पण डोक्यावर भार नव्हता. आत्यांना ते दिवस आठवतात. त्या म्हणाल्या, "पत्र्याला नावं ठेवू नका. पत्रा पडला तर खोक पडंल. माळवद पडलं तर माणूस ऱ्हात न्हाई."

मग कौलं? दोन जाती लक्षात ठेवा. एक नळीची कौलं. गावचा कुंभार ती घडवतो आणि भाजतो. ती सुटी ठेवलेली असतात, त्यामुळे माकडं आली की उलटीपालटी करतात. दरवर्षी पावसाआधी वर चढून ती नीट लावावी लागतात. दुसरी मंगलोरी कौलं. मंगळूरला बासेल मिशनच्या लोकांनी १८६५ साली यंत्रावर दाबून कौलं करायचा कारखाना काढला. या कौलांना खाच असते. एक कौल दुसऱ्यात अडकतं, म्हणून ती पटकन सरकत नाहीत. कौल भाजल्या मातीचं आणि जाड असतं, ते पत्र्यासारखं चटकन तापत नाही. शिवाय कौलांच्या फटींतून गरम हवा वर निघून जाते. पडवीसाठी कौल उत्तमच!

"मग कौलंच घालू!" माझी लेक ओरडली. मी म्हटलं, "आधी गणित करा."

पहिलं गणित वजनाचं. मंगलोरी कौल साधारण दोन-अडीच किलोचं असतं, आणि चौरस मीटरला साधारण पंधरा लागतात. म्हणजे एका चौरस मीटरवर पस्तीस किलोच्या आसपास भार. आमचा ओटा १२ × १० = १२० चौरस फूट, म्हणजे सुमारे अकरा चौरस मीटर. पस्तीस गुणिले अकरा, ३८५ किलो! पावसात भिजल्यावर आणखी जास्त. तेवढ्याच जागेवरचा अर्धा मिलिमीटर जाडीचा पत्रा भरतो पंचेचाळीस किलोच्या आसपास. आमचा पाइपांचा सांगाडा पत्र्याच्या हिशोबानं केलेला. त्यावर कौलं चढवली असती तर काय झालं असतं, ते तुम्हीच सांगा.

दुसरं गणित उताराचं. पत्र्याला दहा फुटांना एक फूट उतार पुरतो. कौलांना उतार जास्त हवा, नाहीतर वाऱ्यानं पाणी सांध्यांतून मागे शिरतं. दहा फुटांना निदान पाच फूट धरा. आमच्या घराची भिंत दहा फूट उंच. तिच्या माथ्यापासून पाच फूट उतरलो तर पुढची कड जमिनीपासून किती उंच? पाच फूट! म्हणजे येणाऱ्या प्रत्येकानं वाकून यायचं. गवंडीकाकांचा मुलगा म्हणाला, "म्हणून कोकणातली घरं एवढी उंच आढ्याची असतात काय!" बरोबर. तिथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. आमच्याकडे त्याच्या चौथा-पाचवा हिस्सा. म्हणून तिकडे उतरतं छप्पर आणि इकडे सपाट माळवद. जुन्या माणसांनी शेजाऱ्याकडे बघून छप्पर निवडलं नव्हतं. त्यांनी आभाळाकडे बघून निवडलं होतं.

कोकणातली आणखी एक गोष्ट मला फार आवडते. तिकडे पावसाळा संपला की घरापुढच्या अंगणात मांडव घालतात. पोफळीचे खांब, वर माडाच्या झावळ्यांचे विणलेले झाप. आठ महिने त्याच्या सावलीत सगळी कामं चालतात. पावसाच्या आधी मांडव उतरवतात, आणि मग पडवीच्या बाजूंना झडप बांधतात, म्हणजे सरी आत येत नाहीत. उन्हासाठी एक व्यवस्था आणि पावसासाठी दुसरी. एकाच छपराकडून सगळी कामं करून घ्यायची नाहीत! ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

बाजारात आणखी दोन वस्तू मिळतात, त्यांबद्दल आईबाबांना सावध करते.

एक म्हणजे सिमेंटचा करडा पत्रा. जुन्या सिमेंटच्या पत्र्यांत बहुधा ॲस्बेस्टॉस नावाच्या खनिजाचे तंतू असतात. पत्रा फोडला, कापला, भोकं पाडली किंवा घासला की ते बारीक तंतू हवेत उडतात आणि श्वासाबरोबर फुप्फुसांत जाऊन बसतात. त्यानं कर्करोग होऊ शकतो, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. युरोपीय संघात तर २००५ पासून ॲस्बेस्टॉसवर बंदी आहे. म्हणून मुलांनो, असा जुना पत्रा कुठे पडला असेल तर त्याच्या तुकड्यांशी खेळायचं नाही, तो फोडायचा नाही. आणि पालकांनो, नवीन सिमेंटचा पत्रा घेणार असाल तर ॲस्बेस्टॉस नसलेलाच मागा. तसे मिळतात.

दुसरी वस्तू म्हणजे प्लॅस्टिकचा पारदर्शक पत्रा, ज्याला पॉलिकार्बोनेट म्हणतात. त्याखाली उजेड छान येतो. पण उजेडाबरोबर ऊनही येतं! स्वयंपाकघराच्या अंधाऱ्या कोपऱ्यावर एखादा तुकडा बरा, बसायच्या जागेवर नको. आणि घेतलाच, तर त्याची उन्हापासून जपणारी बाजू वर येईल असा बसवा. ती बाजू कोणती, ते त्यावरच्या कागदावर लिहिलेलं असतं. उलटा बसवला तर तो लवकर पिवळा पडून तडकतो.

इथवर आलो तेव्हा मुलं जरा हिरमुसली. कौल जड, माळवद जड, प्लॅस्टिक उन्हाचं. मग करायचं काय? तेवढ्यात गवंडीकाकांचा मुलगा म्हणाला, "बाई, ऊन येतंय कुठून ते बघितलं का आपण?"

वा रे पठ्ठ्या! हा प्रश्न मी पत्रा टाकायच्या आधी विचारायला हवा होता.

दुसरा प्रयोग. एक फूट लांबीची सरळ काठी अंगणात उभी रोवली. एप्रिलचा मध्य होता. डोक्याला टोप्या घालून मुलं दर तासाला मिनिटभर बाहेर यायची, सावली मोजायची आणि आत पळायची. वहीत लिहिलेलं असं : तीन वाजता सावली पाऊण फूट. चार वाजता सव्वा फूट. पाच वाजता जवळजवळ सव्वादोन फूट. आणि चार वाजता सावली नेमकी पूर्वेकडे, म्हणजे घराकडे! याचा अर्थ सूर्य बरोबर ओट्याच्या समोर.

आता बघा हं. आमच्या पत्र्याची पुढची कड ओट्यापासून सात फूट उंच आहे. एक फुटाच्या काठीची सावली सव्वा फूट पडते, तर सात फुटांवरच्या कडेखालून ऊन किती आत येणार? सात गुणिले सव्वा, पावणेनऊ फूट! ओटा आहे दहा फुटांचा. म्हणजे दुपारी चारला भिंतीशी फक्त सव्वा फुटाची पट्टी सावलीत. पाच वाजता तर तीही नाही, ऊन थेट भिंतीवर.

मी ते गणित तीनदा करून पाहिलं आणि कपाळावर हात मारला. पत्र्याऐवजी मी कौलं घातली असती, माळवद केलं असतं, अगदी सोन्याचं छप्पर घातलं असतं, तरी चार वाजता आत्यांच्या तोंडावर ऊन आलंच असतं! छप्पर फक्त वरचं ऊन अडवतं. बाजूचं ऊन अडवायला बाजूलाच काहीतरी लागतं. आणि पश्चिमेच्या घराला बाजूचं ऊन येतं ते नेमकं दिवस तापून लाल झालेला असतो तेव्हा.

सगळ्या घरांना असं होत नाही बरं का. दक्षिणेकडे तोंड असलेल्या पडवीत हिवाळ्याचं ऊन छान आत येतं, कारण डिसेंबरात भरदुपारी सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो. आमच्या सोलापूरकडे तेव्हा तो क्षितिजापासून जेमतेम ४९ अंश वर येतो. मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात मात्र भरदुपारी तो अगदी डोक्यावर येतो आणि काठीची सावली काठीच्या बुडाशीच नाहीशी होते. तोच 'शून्य सावली'चा दिवस. त्या वेळी दक्षिणेच्या पडवीत ऊन शिरतच नाही. पूर्वेच्या पडवीला सकाळचं कोवळं ऊन, दुपारी सावली. म्हणून शेजाऱ्याच्या घराला जे शोभतं ते तुमच्या घराला चालेलच, असं नाही. शेजाऱ्याचं तोंड कुठे आहे ते आधी बघा!

आता आम्ही काय केलं ते सांगते. नवीन छप्पर करायला माझ्याकडे पैसे नव्हते. पत्रा तोच ठेवला. तीन कामं केली.

पहिलं, पत्र्याला वरून पांढरा रंग दिला. निळ्या रंगापेक्षा पांढरा रंग ऊन जास्त परतवतो. साधा चुना स्वस्त पडतो, पण पहिल्या मोठ्या पावसात धुऊन जातो, म्हणून छपरासाठीचा रंग आणला. तेलंगण राज्यानं तर २०२३ साली अशा 'थंड छपरां'साठी खास धोरणच जाहीर केलं आहे. रंगाचं काम गवंडीकाकांनी केलं, सकाळी सातला, पत्र्यावर फळी टाकून. मुलांनो, पत्र्यावर तुम्ही कधीही चढायचं नाही. पतंग अडकला तरी नाही!

दुसरं, पत्र्याच्या खाली वीतभर अंतर सोडून बांबूची चटई ताणून बांधली. पत्र्याची उष्णता आता आत्यांच्या टाळूऐवजी चटईवर पडते. मधल्या पोकळीतून वारा वाहतो आणि गरम हवा घेऊन जातो. भिंतीजवळ वरच्या अंगाला चार बोटं जागा मोकळी ठेवली, कारण गरम हवा वर चढते आणि तिला बाहेर पडायला वाट हवी. चटई पेट घेऊ शकते, म्हणून ओट्यावरची चूल मात्र कायमची परसात गेली.

तिसरं काम सगळ्यांत महत्त्वाचं. पश्चिमेच्या बाजूला हिरवी शेतीची जाळी लावली, रोपवाटिकेला लावतात ती. तिच्यावर ५०, ७५, ९० असे आकडे असतात. शंभरातलं किती ऊन ती अडवते, ते त्या आकड्यावरून कळतं. आम्ही ७५ ची घेतली. ती कडेच्या फूटभर पुढे टांगली, म्हणजे जाळी तापली तरी तिची धग वाऱ्यानं बाहेरच्या बाहेर जाते.

पण इथे आत्या अडून बसल्या. "जाळी लावाल तर मला रस्ता दिसायचा न्हाई. मग मी बसू कशाला तिथं? भिंतीकडं बघत?"

बरोबरच होतं त्यांचं! आम्ही ऊन मोजलं, वजन मोजलं, पण आत्यांना काय हवंय ते विचारलंच नव्हतं. पुन्हा वही उघडली. जाळी जमिनीपर्यंत न आणता तीन फूट वरच थांबवली तर? ऊन चार वाजता तीन गुणिले सव्वा, म्हणजे पावणेचार फूट आत येईल. पाच वाजता तीन गुणिले सव्वादोन, म्हणजे पावणेसात फूट. खुर्ची सात फूट आत ठेवली की झालं! जाळीखालून रस्ता दिसतो, वारा येतो, आणि ऊन पायांशी थांबतं. सूर्य मावळला की जाळी गुंडाळून वर बांधायची.

रंग, चटई आणि जाळी मिळून जो खर्च आला, तो पत्र्याच्या खर्चाच्या चौथ्या हिश्शाहून कमी होता. जाळीच्या बुडाशी मधुमालती लावली. भांडी विसळलेलं पाणी तिला घालतो. पहिल्या वर्षी ती गुडघ्याएवढी होती. यंदा जाळीच्या निम्म्यावर चढली आहे. ती पूर्ण चढली की जाळीची गरज उरायची नाही, असं माझी लेक म्हणते. बघू या.

ओट्यावर मेमध्ये गारवा पसरला, असं मात्र समजू नका. उन्हाळा तो उन्हाळाच. तापमापक आता कडुलिंबापेक्षा दीडदोन अंश जास्त दाखवतो. पण टाळू शेकत नाही. जाळी बांधली त्या दिवशी चार वाजता मी मुद्दाम बाहेर आले. खुर्ची ओट्यावर होती. आत्या ज्वारी निवडत होत्या आणि रस्त्यावरून जाणाऱ्या कुणाला तरी विचारत होत्या, "काय रे, ऊस गेला का कारखान्याला?"

आता या आठवड्याचा उद्योग. एक फूट लांबीची काठी घ्या. सुट्टीच्या दिवशी सकाळी नऊ, दुपारी बारा, तीन, चार आणि पाच वाजता तिची सावली मोजा आणि कोणत्या दिशेला पडते ते लिहा. मग घराच्या छपराच्या पुढच्या कडेची उंची मोठ्या माणसाकडून मोजून घ्या आणि ऊन किती आत येतं ते गणितानं काढा. ते खरं आहे का, हे खडूनं जमिनीवर रेघ ओढून पडताळा. पाचवीच्या पुढच्यांनी हाच प्रयोग डिसेंबरात पुन्हा करा आणि दोन्ही वह्या शेजारी ठेवा.

आणि पालकांनो, पत्रेवाल्याच्या हातावर विसार ठेवण्याआधी चार प्रश्न विचारा. घराचं तोंड कुठे? ऊन किती वाजता आणि कुठून येतं? सांगाडा किती भार पेलेल? चौथा प्रश्न मी विसरले होते, तो तुम्ही विसरू नका : तिथे रोज कोण बसणार आहे, आणि त्या माणसाला काय हवं आहे?

तो प्रश्न आधी त्या माणसालाच विचारा. मी विचारला असता, तर आत्यांना पंधरा दिवस रस्ता ओलांडावा लागला नसता.

पुढच्या आठवड्यात पुन्हा भेटू.

तुमच्या बाई